बाराव्या घराचे फोटो

हरिचंद्र भोईरला कारखान्यातून घरी बसवलं तेव्हा त्याला पन्नाशी गाठायला एक वर्ष कमी होतं. मोरिवलीतली त्याच्या बापाची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती आणि त्या शेतावर जो रंगाचा कारखाना उभा राहिला, त्यातच हरिचंद्रने चोवीस वर्षं काढली. मग एक दिवस गेटला नोटीस लागली आणि सगळं आटोपलं. पुढची दोन वर्षं तो घरीच होता. बायको रंजना साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तिच्या मशीनची खडखड ऐकत तो ओट्यावर बसून राहायचा, आणि कुणी “काय चाललंय सध्या?” म्हणून विचारलं की उठून आत जायचा.

त्यामुळे अंबरनाथच्या एका सर्व्हे एजन्सीत काम मिळालं तेव्हा त्याने काय काम, किती तास, काहीच विचारलं नाही. बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या कडेने नवा रस्ता जाणार होता. त्या रस्त्यात येणारी घरं मोजायची, घरातल्या माणसांची नावं लिहून घ्यायची आणि प्रत्येक घराचे आतून-बाहेरून फोटो काढायचे, एवढं काम एजन्सीला मिळालं होतं. नावं लिहायला दुसरी पोरं होती. हरिचंद्रच्या हातात कॅमेरा आला.

चपटा, चंदेरी, शर्टाच्या खिशात मावेल असा तो डिजिटल कॅमेरा होता. फोटोच्या कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत तारीख उमटायची. मोबाइलवरचे फोटो सरकारी फायलीत चालत नव्हते. एजन्सीचा अल्पेश वयाने तिशीचा, पण सगळा कारभार त्याच्याकडे. त्याने पाच मिनिटांत शिकवलं.

“काका, हे बटण दाबलं की चालू. हे अर्धं दाबायचं, हिरवा चौकोन आला की पूर्ण दाबायचं. बाकी कुठं बोट लावू नका. आधीच्या माणसाने सेटिंग करून ठेवलंय.”

हरिचंद्रने बाकी कुठं बोट लावलं नाही. दोन महिने तो वाड्या-पाड्यांवर फिरला. घरं अंधारी असायची. आत गेलं की कॅमेऱ्याचा फ्लॅश आपोआप पेटायचा, फोटो लख्ख यायचा. रात्री जेवताना तो रंजनाला सांगायचा, आज अमुक वाडी झाली, आज तमुक. रंजनाला तो पुन्हा बोलायला लागला याचंच बरं वाटायचं.

अठरा फेब्रुवारीला तो उंबरवाडीवर गेला. बारा घरं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्याला माती-शेणाचा लेप, खिडकी म्हणून कुठे नाही. अकरा घरं दुपारी दोनपर्यंत झाली. बारावं घर वाडीच्या जरा वरच्या अंगाला होतं. देऊचं. पुढच्या पडवीत शेळ्या बांधलेल्या, त्यांच्यामधून वाट काढत आत जावं लागायचं.

देऊ साठीच्या पुढचा, काटकुळा. दारातच हात आडवा धरून म्हणाला, “भाऊ, एक सांगू का? ती इजेची बत्ती मारू नका. बाळीचा डोला कापलाय परवा. डागतरने उजेडात बघायचं नाय म्हणून सांगितलंय.”

देऊची बायको बाळी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. डोळ्यावर हिरवी पट्टी, वरून पदर ओढलेला. हरिचंद्रच्या आईचाही मोतीबिंदू काढला होता, तेव्हा ती महिनाभर दिव्याला घाबरायची ते त्याला आठवलं. त्याने कॅमेऱ्यावर विजेचं चिन्ह शोधलं आणि फ्लॅश बंद केला. अल्पेशने सांगितल्याबाहेर त्याने लावलेलं ते पहिलं बोट.

तीन फोटो काढले. पडद्यावर एक लाल हात थरथरताना दिसत होता, तो कशासाठी ते त्याला कळलं नाही. फोटो बघितला तर चुलीतला विस्तव दिसला, दोन भांडी दिसली. त्या काळोखात तो इवलासा पडदा चांगला उजळ वाटला. झालं म्हणून तो बाहेर आला. बाहेर चौघांना घरापुढे उभं करून एक फोटो घेतला: देऊ, बाळी पदराआड, त्यांचा मुलगा आणि सून चिमी. चिमीला सातवा महिना होता. तिने कोऱ्या चहाचा कप पुढे केला, तो त्याने उभ्याउभ्याच प्यायला.

मेच्या पहिल्या आठवड्यात यादी लागली. रविवारी सकाळी हरिचंद्र दाढी करत असताना देऊ त्याच्या दारात उभा राहिला. बदलापूरपर्यंत चालत आणि पुढे कुणाच्या तरी टेम्पोतून आला होता. मोरिवलीत भोईरांची घरं विचारत विचारत त्याने हे घर शोधलं होतं. खिशातून त्याने यादीची झेरॉक्स काढली.

“मना वाचता येत नाय. पोरगा म्हंतो, आपल्या नावापुढं गोठा लिव्हलंय.”

हरिचंद्रने वाचलं. अकरा नावांपुढे ‘राहतं घर’ होतं. बाराव्यापुढे ‘गुरांचा गोठा, वापर: शेळ्या’. राहत्या घराला वांगणीच्या बाजूला दोन खोल्यांचं पक्कं घर मिळणार होतं. गोठ्याला काही नाही.

“चूक झाली असेल,” हरिचंद्र म्हणाला. “टायपिंगची. मी बघतो, देऊदादा.”

“तुमी सोता आत आलता ना. तुमी बघितलंय,” देऊ म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. आपलं माणूस ऑफिसात आहे, एवढाच भरवसा होता. रंजनाने त्याला पोहे दिले. त्याने निम्मे खाल्ले आणि निम्मे सुनेसाठी कागदात बांधून मागितले. ती नुकती बाळंत झाली होती.

सोमवारी हरिचंद्र ऑफिस उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिला. अल्पेशने कॉम्प्युटरवर फाइल उघडली. उंबरवाडी, घर नंबर बारा, आतील फोटो. तिन्ही फोटो काळे होते. अगदी कोळशासारखे नव्हेत. काळ्यात एक तांबडा फराटा होता, म्हणजे चूल, आणि एक राखाडी पुसट डाग, म्हणजे बहुतेक बाळी. सगळं हललेलं, फासलेलं. बाहेरच्या फोटोत मात्र शेळ्या स्वच्छ दिसत होत्या.

“तुम्हीच सांगा काका, ह्यात घर कुठंय?” अल्पेश म्हणाला. “डेटा भरणाऱ्या पोरीने जे दिसलं ते लिहिलं. त्यांच्या रेशनकार्डावरही कुठल्यातरी जुन्या गावचा पत्ता आहे. मग ती बिचारी काय करणार?”

“कॅमेऱ्यात तर नीट दिसलं होतं.”

“अंधारात स्क्रीन ब्राइटच दिसते.”

“मग मी उद्या जाऊन परत काढतो.”

अल्पेशने मान हलवली. “नाही चालणार. अठ्ठावीस फेब्रुवारी शेवटची तारीख आहे. त्यापुढच्या तारखेचा फोटो बाद. नाहीतर लोक नवीन झोपड्या घालून उभे राहतील ना. त्यांना हरकतीचा अर्ज करायला सांगा. जूनअखेर सुनावणी आहे.”

“मी लिहून देतो. फोटो माझ्याकडून खराब आले म्हणून.”

अल्पेश खुर्ची जवळ ओढून हळू बोलायला लागला. त्याचा स्वर अगदी घरच्यासारखा होता. “काका, तुम्ही एक घर लिहून द्याल. मग ते विचारतील, बाकीच्या चारशे घरांचं काय? एजन्सीचं काम जाईल. माझं सोडा, तुम्हाला तर आधी काढतील. तुम्हाला किती मुश्किलीने घेतलंय मी, तुम्हाला माहितीय.”

हरिचंद्रला ते माहीत होतं. त्याला तो ओटाही माहीत होता आणि मशीनची खडखडही.

कॅमेऱ्याची नवी कार्डं आणायला तो अधूनमधून उल्हासनगरला जायचा. कॅम्प एकमध्ये हरेशचं दुकान होतं. हरेशच्या बापाचा फोटो स्टुडिओ होता, हरिचंद्रच्या लग्नाचे फोटो तिथेच धुतले होते. आता दुकानात मोबाइलची कव्हरंच जास्त, पण हरेश कॅमेरा हातात आला की चष्मा चढवून बसायचा. त्या गुरुवारी हरिचंद्रने कॅमेरा त्याच्यापुढे ठेवला.

“साईं, बसा,” हरेश म्हणाला. “क्या हुआ? बिघडलाय?”

“फ्लॅश बंद केला की काळे फोटो येतात.”

हरेशने दोन बटणं दाबली आणि हसला. “बिघडला नाय. ये तो अस्सी पे पडा है. आयएसओ. हे बघा, ऐंशी. कुणीतरी उन्हासाठी लावून ठेवलाय.”

“म्हणजे काय?”

“अरे, आधी तुम्ही रोल घ्यायला यायचे तर बाबा विचारायचे ना, शंभरचा देऊ की चारशेचा? उन्हात शंभर, हॉलमध्ये चारशे. तेच हे. आकडा वाढवला की कमी उजेडात पण कॅमेरा उचलतो. ऐंशीवर अंधारात फोटो काढला तर शटर बराच वेळ उघडं राहतं, हात हलतो, सगळं पुसून जातं. वो लाल हाथ दिखता है ना, तो तेच सांगतो.”

त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, लाइट घालवली आणि आकडा चारशेवर नेला. मग आठशे. मग सोळाशे. प्रत्येक वेळी मागच्या फळीवरचे डबे जास्त दिसत गेले. शेवटच्या फोटोत डब्यांवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती, फक्त सगळ्यावर बारीक रवाळ दाणे पसरले होते.

“दाणे येणार,” हरेश म्हणाला. “पण दिसेल सगळं.”

हरिचंद्र त्या पडद्याकडे बघत राहिला. चार बटणं. फेब्रुवारीत त्याला कुणी एवढं दाखवलं असतं, किंवा त्यानेच कुणाला विचारलं असतं, तर देऊच्या नावापुढे घर लागलं असतं.

निघताना त्याने विचारलं, “आणि तारीख कुठून बदलायची?”

हरेशने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “तारीख क्यूँ?”

“सेल काढून ठेवलेला. चुकीची दाखवतोय.”

हरेशने दाखवलं. आयएसओच्याच यादीत जरा खाली. हरिचंद्र पायऱ्या उतरला तेव्हा त्याचे कान तापले होते.

दोन दिवस त्याने काहीच केलं नाही. अर्ज कसा लिहायचा हे मनात जुळवत राहिला: मी, हरिचंद्र भोईर, लिहून देतो की. त्यापुढचं वाक्य आलं की थांबायचा. रंजनाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “करतोय काहीतरी.” तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॅमेऱ्यात नवं कार्ड घातलं आणि बदलापूरहून पुढे जाणारी जीप पकडली.

वाडीच्या खाली, एका सागाखाली उभं राहून त्याने तारीख मागे नेली. अठरा, दोन. वेळ दुपारी अडीच. आपण खोटं काही दाखवत नाही, असं तो स्वतःला समजावत होता. घर खरं आहे, माणसं खरी आहेत, ती फेब्रुवारीतही तिथेच होती. आपण फक्त तेव्हाचा बिघडलेला फोटो नीट करतोय.

देऊला त्याने एवढंच सांगितलं, “आधीचे फोटो नीट आले नव्हते. आज चांगले काढतो.” देऊने पुढचं काही विचारलं नाही. शेळ्या बाजूला बांधल्या, आतला केर काढला. बाळीची पट्टी निघाली होती, पण हरिचंद्रने तिला म्हटलं, “आजी, तुम्ही बाहेरच बसा.” फेब्रुवारीत तिच्या डोळ्यावर पट्टी होती, हे त्याच्या लक्षात होतं. त्याने भिंतीकडे बघितलं, कॅलेंडर नाही. सुकायला घातलेले आंबे-फणस काही दिसतात का बघितलं. एक टोपली होती, ती बाहेर ठेवायला लावली.

मग त्याने आकडा सोळाशेवर नेला, मधल्या खांबाला खांदा टेकवला, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

पडद्यावर ते घर उमटलं. चूल, चुलीवरचं टोप, मातीचे हंडे, भिंतीला टेकवलेलं जातं, वळकटी, दोरीवरची लुगडी, कोनाड्यातला कुंकवाने माखलेला देव. सगळ्यावर दाणे होते, पण सगळं दिसत होतं. कुणीही म्हटलं असतं, इथे माणसं राहतात. त्याने सहा-सात फोटो घेतले. आढ्याला लुगड्याची झोळी बांधली होती आणि तिच्यातून बाळाचा एक पाय बाहेर आला होता. त्याने मुद्दाम एक पाऊल मागे घेतलं आणि झोळी पुरती फोटोत येईल असं बघितलं. गोठ्यात कुणी झोळी बांधत नाही, त्याला वाटलं. हा फोटो बघितल्यावर कुणाची हिंमत होणार नाही गोठा म्हणायची.

चिमी दाराशी उभी होती. म्हणाली, “बाला दिसतो का त्याच्यात?”

त्याने तिला पडदा दाखवला. ती किती तरी वेळ बघत राहिली.

ऑफिसात त्याने अल्पेशला कार्ड दिलं. “हे फेब्रुवारीचं दुसरं कार्ड. बॅगेच्या कप्प्यात राहिलं होतं.”

अल्पेशने फोटो बघितले, तारीख बघितली आणि मग हरिचंद्रकडे बघितलं. “मिळालं का? बरं झालं,” तो म्हणाला आणि प्रिंट काढायला दिल्या. देऊच्या हरकतीच्या अर्जाला त्या प्रिंटा जोडल्या गेल्या.

सुनावणी बदलापूरच्या एका हॉलमध्ये होती. लग्नाच्या खुर्च्या मांडलेल्या, मंचावर टेबल. सुनावणी घेणाऱ्या मॅडम मध्यम वयाच्या होत्या. प्रत्येकाचं त्या शांतपणे ऐकून घेत होत्या. देऊ धुतलेला सदरा घालून आला होता. बरोबर मुलगा, आणि मांडीवर बाळ घेऊन चिमी. बाळाला एकटं कुठे ठेवणार म्हणून आणलं होतं. हरिचंद्रला फोटोग्राफर म्हणून बोलावलं होतं, तो अल्पेशशेजारी बसला होता.

देऊचं नाव पुकारलं. मॅडमनी फाइल उघडली, आतले फोटो बघितले आणि मान डोलावली. “हे तर घरच आहे. हे फोटो आधी का नव्हते लावले?”

“कार्ड मिसप्लेस झालं होतं मॅडम,” अल्पेश म्हणाला.

“बरं.” त्यांनी पेन उचललं. हरिचंद्रने गुडघ्यावर घट्ट धरलेले हात सैल सोडले. मॅडम सही करणार, तेवढ्यात त्यांनी सवयीने पान मागे उलटलं, बाहेरचा फोटो बघितला. मग पुन्हा आतला. मग पुन्हा बाहेरचा. दोन्ही फोटो त्यांनी शेजारी शेजारी ठेवले.

“आजोबा,” त्या देऊला म्हणाल्या, “हे बाळ तुमच्याच घरातलं?”

“हा, आमचाच,” देऊ म्हणाला. त्याचा चेहरा खुलला. “नातू.”

“किती महिन्यांचं आहे?”

“अक्षय तृतीयेच्या आदल्या दिसाला झालाय. दोन म्हयनं झाली असतील.”

मॅडमनी फोटोवर बोट ठेवलं. त्याच तारखेच्या एका फोटोत चिमी पोटुशी अंगणात उभी होती आणि दुसऱ्यात बाळाचा पाय झोळीबाहेर आला होता. अठरा फेब्रुवारी, अठरा फेब्रुवारी. त्यांनी दोन्ही फोटो अल्पेशकडे सरकवले.

अल्पेशने ते बघितले आणि हरिचंद्रकडे वळून मोठ्याने म्हणाला, “काका, हे काय आहे?”

हरिचंद्र उठून उभा राहिला. त्याने पुढची खुर्ची धरली. “मॅडम, तारीख मी बदलली,” तो म्हणाला. “पहिले फोटो माझ्याकडून काळे आले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून फ्लॅश बंद केला, आणि आयएसओचं मला काही ठाऊक नव्हतं. मग मेमध्ये परत जाऊन काढले. ह्यांना यातलं काहीच माहीत नाही.”

देऊ एकदा त्याच्याकडे, एकदा मॅडमकडे बघत होता. काय घडलंय ते त्याला समजलं नव्हतं, पण काहीतरी निसटलं एवढं समजलं होतं.

मॅडमनी फाइल पुढे ओढली. मग म्हणाल्या, “भोईर, हे तुम्ही मेमध्ये मला कागदावर लिहून दिलं असतं ना, तर मी स्वतः वाडीवर येऊन बघितलं असतं. पंचनामा केला असता. तेवढा अधिकार होता मला. आता माझ्यासमोर खोट्या तारखेचा पुरावा आलाय. मला तसंच लिहावं लागेल.”

“त्यांचा काही दोष नाही, मॅडम.”

“अर्ज त्यांच्या अंगठ्याचा आहे.”

त्यांनी लिहिलं. वर अपील करता येईल, असंही सांगितलं. त्याला वर्ष-दोन वर्षं लागतील आणि रस्त्याचं काम दिवाळीनंतर सुरू होणार होतं. देऊच्या मुलाने फाइल बंद होताना बघितली आणि बापाचा दंड धरून त्याला बाहेर नेलं. बाहेर पायरीवर हरिचंद्र त्यांच्या मागे गेला. मुलगा वळला. त्याने शिवी दिली नाही, हात उचलला नाही. म्हणाला, “बाबाला वाटलेलं तुमी आपलं माणूस.” आणि ते चालू लागले.

हरिचंद्रची नोकरी त्याच दिवशी संध्याकाळी गेली. अल्पेशने फोनवर सांगितलं. आवाज अगदी हळू होता. “काका, मला काही माहीत नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.” हरिचंद्र म्हणाला, “हो, माहीत नव्हतं.”

पण तेवढ्यावर संपलं नाही. एकाचे फोटो खोटे निघाले म्हणून उंबरवाडीची बाकीची अकरा घरंही पुन्हा तपासायला घेतली. तीन महिने त्यांचा ताबा अडकला. शेवटी सगळ्यांना घरं मिळाली, पण त्या तीन महिन्यांत वाडी देऊशी बोलेनाशी झाली. त्याच्या लबाडीपायी आपलं अडलं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कुणी सांगितलं, ते हरिचंद्रला कधीच कळलं नाही.

रंजनाला त्याने सगळं एका दमात सांगितलं. ती मशीनवर बसली होती, पाय थांबले. “तेव्हाच लिहून का नाही दिलंत?” तिने विचारलं.

“काम जाईल म्हणून.”

थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं. त्याने वहीच्या कागदावर स्वतःचा जबाब लिहिला, आयएसओ ऐंशीपासून सगळा, आणि अपिलाला जोडायला म्हणून दोन-तीन ऑफिसांत फिरवला. एकीकडे म्हणाले मुदत गेली, दुसरीकडे म्हणाले अर्जदाराला घेऊन या. देऊला आण म्हणायला त्याचं तोंड नव्हतं.

दिवाळी झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी तो उंबरवाडीवर गेला. बरोबर बाळासाठी स्वेटर होता, रंजनाने विणलेला. वाडी उठली होती. अकरा घरांची कूड-कौलं लोक घेऊन गेले होते, मातीची जोती तेवढी उरली होती आणि त्यांच्यामधून खोदाईच्या मशीनने तांबडा चर काढला होता. देऊचं घरही नव्हतं. वरच्या उतारावर, झाडीच्या कडेला, नव्या कारवीचं एक खोपट दिसलं. अर्धं झालेलं. देऊ एकटाच बांबू उभा करत होता आणि तो सारखा एका बाजूला कलत होता.

हरिचंद्रने जाऊन बांबू धरला. देऊने वर बघितलं आणि खड्ड्यात दगड ठोकायला सुरुवात केली. असे चार बांबू झाले. बाळी आतून एकदा डोकावली, तिने ओळखलं, आणि आत गेली. चहा आला नाही. चिमी आणि मुलगा वीटभट्टीवर गेले होते, बाळाला घेऊन. फाल्गुनापर्यंत तिकडेच राहणार होते.

दुपार कलली तेव्हा देऊ एका धोंड्यावर टेकला. हरिचंद्र त्याच्यासमोर उकिडवा बसला.

“देऊदादा, मी अजून एक अर्ज लिहिलाय. तुम्ही फक्त एकदा बरोबर आलात तर...”

देऊने हात वर केला. “नको. कागद नको आता.” मग जरा थांबून म्हणाला, “तुमी वायटासाठी नाय केलं. ते मना ठावं हाय. बाळीच्या डोल्यासाठी बत्ती बंद केलीत, ते पन ठावं हाय. पन पोरगा तुमचं नाव ऐकून घेत नाय. तो हितं असताना तुमी आलात तर काय व्हईल सांगता येत नाय. मंग आता येऊ नका, भाऊ.”

“बरं,” हरिचंद्र म्हणाला.

“ही जागा पन जंगलवाल्यांची हाय,” देऊ म्हणाला, जसं काही आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. “किती दिस ठेवतात, बघू.”

स्वेटरची पिशवी हरिचंद्रने बांबूजवळ ठेवली. देऊने ती उचलली नाही आणि परतही दिली नाही. उतरताना चराच्या कडेने वळसा घालावा लागला. मशीनवाले जेवायला बसले होते, त्यांच्यातल्या एकाने वाट दाखवली.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. रंजनाने ताट वाढलं. “भेटले का?” तिने विचारलं.

“भेटले.”

“काय म्हणाले?”

तो भाकरी मोडत राहिला. “बसा म्हणाले,” तो म्हणाला. रंजनाने त्याच्याकडे बघितलं. तिने आमटीची वाटी पुढे सरकवली.